मागल्या रांगेंतील पुस्तकें

गेल्या आषाढांत आमच्या शहापूरच्या घरीं पुस्तकांच्या कपाटास वाळवी लागली. घर जुनें, मागची भिंत ओलसर, आणि माहुलीच्या बाजूनें येणारा पाऊस कोणाची भीड ठेवीत नाहीं. तेव्हां वाळवी लागली यांत नवल कांहींच नव्हतें. नवल पुढें कपाट रिकामें करतांना घडलें. या कपाटाची खोली मोठी असल्यामुळें त्यांत पुस्तकांच्या दोन रांगा बसत. पुढल्या रांगेंत ज्ञानेश्वरी, दासबोध, मोरोपंतांची केकावली, आपट्यांचा कोश, अमरकोशाची निर्णयसागरी प्रत, टिळकांचें गीतारहस्य अशी मंडळी आल्यागेल्यास दर्शन देत उभी असत. मागल्या रांगेंत काय आहे तें घरांतल्या सर्वांस थोडथोडें ठाऊक होतें, आणि त्याविषयीं कोणी बोलत नसे. एकत्र कुटुंबांत अशी एक रांग बहुतेक घरीं असते असें आम्हांस वाटतें; वाचकांनीं आपापलें कपाट मनांतल्या मनांत तपासून पाहावें.

येथें आमचा अधिकार सांगणें प्राप्त आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. संस्कृत आजोबांपाशीं शिकलों, तें शेवटपर्यंत उपयोगीं पडलें. बाकी अडतीस वर्षांची नोकरी मुरबाड तालुक्यांत मुलांचीं शुद्धलेखनें तपासण्यांत गेली. वाङ्मयाचे आम्ही जाणकार नव्हे. दुपारच्या जेवणानंतर पडल्यापडल्या चार पानें वाचावीं आणि डोळा लागला म्हणजे पुस्तक छातीवर ठेवावें, इतकीच आमची रसिकता. तेव्हां पुढें जें लिहीत आहों तें टीका म्हणून कोणीं वाचूं नये.

पावसाळ्यांत ऊन कोठून आणणार? माजघरांत सतरंजी पसरून पंख्याखालीं पुस्तकें मांडलीं, आणि मागली रांग प्रथमच सर्वांच्या डोळ्यांदेखत बसली. आजोबांनीं जपलेले 'समाजस्वास्थ्या'चे कांहीं अंक, महात्मा फुल्यांचें समग्र वाङ्मय, गोदावरी परुळेकरांचें 'जेव्हा माणूस जागा होतो', विजय तेंडुलकरांचें 'मित्राची गोष्ट', लक्ष्मीनारायण त्रिपाठींचें 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' आणि सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही लहानशी कादंबरी. राजकारणांतलीं जहाल पुस्तकें आणि स्त्रीपुरुषसंबंधांची रूढ चौकट न मानणारीं पुस्तकें अशीं शेजारीं शेजारीं कां ठेविलीं, असें आमच्या पुतणसुनेनें विचारलें. आम्हीं उत्तर दिलें, "दोन्ही मुलांच्या हातीं पडूं नयेत म्हणून." उत्तर खरें होतें, पुरें नव्हतें. ओलीनें चिकटलेलीं पानें एक एक सोडवावीं लागत होतीं, त्या निमित्तानें सारींच पुस्तकें वाचून झालीं.

'समाजस्वास्थ्य' हें मासिक र. धों. कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें सुरू केलें आणि १९५३ सालीं देहावसान होईपर्यंत बहुतेक एकट्याच्या बळावर चालविलें. महर्षि अण्णासाहेब कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. म्हणजे घर आपल्यासारखेंच. वाचक आपल्या खासगी अडचणी पत्रानें विचारीत आणि कर्वे बुद्धीस पटेल तें उत्तर छापीत. अशाच उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत पुरुषांच्या पुरुषांशीं असलेल्या संबंधांविषयींचेही प्रश्न होते. कर्व्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें होतें. खटला हरला, दंड झाला, आणि मासिक पुन्हां निघत राहिलें. आमचे आजोबा सकाळीं सोंवळ्यांत पूजा करीत आणि दुपारीं हे अंक वाचीत. त्यांनीं ते जाळले नाहींत आणि कोणास दाखविलेही नाहींत. या दोन गोष्टींत त्यांचा सारा स्वभाव आला.

फुल्यांचे ग्रंथ वाचून मात्र आम्ही दोन दिवस रागांत होतों. 'गुलामगिरी' १८७३ सालची. परशुरामाचा आणि आर्यांच्या स्वारीचा जो इतिहास तींत सांगितला आहे तो आम्हांस पटला नाहीं, आणि भाषा तर अंगावर येणारी. परंतु अडाणी शेतकऱ्याच्या कर्जाचा कागद कसा होतो याविषयीं ते जें लिहितात तें खोडून काढूं गेलों, तर आमच्या पणजोबांची सावकारी वही आडवी येते. ती वहीही याच कपाटांत, खालच्या खणांत आहे. वाळवीनें नेमकी तीच सोडली.

या सर्वांत जें पुस्तक आमच्या हातांत अधिक दिवस राहिलें तें गोदावरीबाईंचें. पुण्याच्या गोखल्यांच्या घरांतील ही मुलगी कायद्याची पदवी घेते, भारत सेवक समाजाची आजीव सभासद होते (स्त्रियांत पहिलीच), आणि तेथून निघून, साम्यवादी होऊन, ठाणें जिल्ह्यांतील वारल्यांच्या झोंपड्यांत राहूं लागते. पुस्तक १९७० सालीं निघालें आणि १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. टिटवाळें म्हणजे आमच्या आसनगांवापासून तिसरें स्टेशन. त्याच वर्षीं मे महिन्यांत झरी येथें वारली जमले आणि वेठ करावयाची नाहीं असा निश्चय झाला. पाऊस सरतांना, पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावे ही मागणी पुढें आली. ऑक्टोबरांत तलवाड्यास गोळीबार होऊन पांच वारली मेले. तलासरी, डहाणू हा मुलूख तेव्हां आपल्याच जिल्ह्यांत होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत गेला, शहापूर आणि मुरबाड मागें राहिलीं.

पक्षाविषयींचा बाईंचा भाव आम्हांस थोडा भाबडा वाटला. परंतु हिशेब सांगतांना त्या पक्क्या आहेत. लग्नासाठीं जमीनदाराकडून थोडेसे रुपये घेतलेला वारली त्या रुपयांच्या फेडीसाठीं बायकोसह त्याच्या दारीं राबतो; कर्ज कधीं फिटत नाहीं. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत.

हा शब्द आम्हीं मोठ्यानें वाचला तेव्हां आमच्या धाकट्या काकू तांदूळ निवडीत बसल्या होत्या. काकूंचें वय ब्याऐंशी, माहेर डहाणूकडचें. त्या माहेरची जमीन कुळकायद्यांत गेली हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. 'कुळकायद्यांत गेली' हे शब्द आपल्या घरांतून असे उच्चारले जातात, कीं जणूं जमीन पुरांत वाहून गेली. काकूंनीं सूप खालीं ठेवलें.

"अरे मास्तर, आमच्याकडे एक लग्नगडी होता. मला वाटे, तें त्याचें नांवच आहे. आम्ही पोरें 'लग्नगड्या, पाणी आण' म्हणून हांका मारीत असूं. हें पुस्तक वाचलें तेव्हां कळलें, कीं त्याला दुसरें कांहीं नांव असलें पाहिजे."

"तुम्हीं हें पुस्तक वाचलें आहे?"

"सगळींच वाचलीं आहेत. तुम्ही पुरुषमंडळी दुपारीं घोरत असतां, तेव्हां मागल्या रांगेकडे कोण पाहतो?"

नंतर बराच वेळ काकू त्या माणसाचें खरें नांव आठवूं पाहत होत्या. आम्हीं सुचविलें, कीं त्याची बायको त्यास काय म्हणत असे तें आठवा. त्या म्हणाल्या, "ती कशाला घेईल नवऱ्याचें नांव?" आणि पुन्हां तांदूळ निवडूं लागल्या.

काकूंस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मुरबाड तालुक्यांत आमच्या वर्गांत कातकऱ्यांचीं मुलें असत. दिवाळीची सुटी संपली म्हणजे तीं दिसेनाशीं होत. आईबापांनीं पावसाळ्यांत वीटभट्टीवाल्याची उचल घेतलेली असे. तिच्या फेडीसाठीं सारें बिऱ्हाड भट्टीवर जाई, तें पावसाच्या तोंडावर परत येई. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालीं झाला आणि आम्ही नोकरीस लागलों तो त्यानंतर दोन वर्षांनीं. तरी हजेरीपत्रकांत आम्ही त्या मुलांच्या नांवांपुढें नियमानें 'गैरहजर' लिहीत असूं. अक्षर आमचें चांगलें. दर २ जानेवारीस सिद्धगडाच्या हुतात्म्यांची आठवण होई. तेथें १९४३ सालीं याच दिवशीं भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांशीं झालेल्या चकमकींत पडले. कोतवालांनीं इंग्रज सरकारचे विजेचे मनोरे कसे पाडले तें आम्ही मुलांस मोठ्या आवेशानें सांगत असूं. जहाल माणूस मेला आणि त्याचें स्मारक झालें, म्हणजे तो पुढल्या रांगेंत येतो. कातकऱ्यांचीं मुलें त्या दिवशींही गैरहजरच असत.

आतां राहिलेल्या पुस्तकांविषयीं. हें मासिक माजघरांत उघडें पडलेलें असतें, तेव्हां लिहावें कीं लिहूं नये असें मनांत पुष्कळ झालें. परंतु काकूंनीं जें ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत पचविलें तें वाचकांस बाधेल असें वाटत नाहीं.

'मित्राची गोष्ट' हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. मित्राचें काम रोहिणी हट्टंगडी यांनीं केलें होतें. कॉलेजांतील सुमित्रा देव, जिला सर्वजण मित्रा म्हणतात, तिचें मन एका मुलीवर बसतें. आणि बापू नांवाचा साधासुधा मुलगा हें सारें पाहतो आणि आपल्यास सांगतो. काळ स्वातंत्र्याच्या अगोदरचा. आम्हांस मित्रेपेक्षां हा बापूच अधिक ओळखीचा वाटला: जीव लावणारा, पण शेवटीं वाचवूं न शकणारा. मित्रेस मरावें लागतें हें मात्र आम्हांस आवडलें नाहीं. अशा मुलीस जगूं देण्याचें धैर्य तेंडुलकरांसारख्या धीट लेखकासही झालें नाहीं, कीं जग तसें होतें म्हणून त्यांनीं तसें लिहिलें, याचा निर्णय आमच्यानें होत नाहीं.

नाटकाच्या नांवावरून थोडें विषयांतर करतों. मास्तरकीची खोड जात नाहीं. संस्कृतांत स्नेही या अर्थाचा 'मित्र' शब्द नपुंसकलिंगी आहे. पुल्लिंगीं त्याचा अर्थ सूर्य. 'दार' म्हणजे बायको, हा शब्द पुल्लिंगी, आणि तोही बहुवचनीं. 'कलत्र' म्हणजेही बायकोच, तो नपुंसकलिंगी. वर्गांत मुलें यावर फार हंसत. शब्दाचें लिंग शरीराच्या खुणांवरून ठरवूं गेल्यास काय घोटाळा होतो, याचा विचार पतंजलींनीं महाभाष्यांत केला आहे. हें सारें आम्ही इतकीं वर्षें सांगत होतों, आणि माणसांशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें कधीं मनांत आलें नाहीं.

एकदां आलें, तेव्हां आम्हीं तें दाबून टाकलें. ती हकीकत सांगितल्यावांचून हा लेख पुरा होत नाहीं.

१९९६ च्या सुमारास शाळा सुटल्यावर चारपांच हुशार मुलांकडून आम्ही अमरकोश पाठ करून घेत असूं. मनुष्यवर्गांत एके ठिकाणीं 'तृतीया प्रकृति' हा शब्द येतो. रूढ अर्थानें जीं माणसें पुरुष नव्हेत आणि स्त्रीही नव्हेत त्यांच्यासाठीं. वात्स्यायनानेंही तो वापरला आहे. ती ओळ आमचे आजोबा गाळीत, म्हणून आम्हीही गाळली. एक मुलगा सिद्धगडाच्या बाजूच्या गांवचा होता, त्याचा कान तयार. तो म्हणाला, "सर, श्लोक अर्धाच झाला." आम्ही म्हणालों, "उरलेला परीक्षेंत येत नाहीं." दुसऱ्या दिवशीं छापील प्रतींतून ती ओळ त्यानें शोधून काढली, शब्दावर बोट ठेवलें आणि अर्थ विचारला. तो हंसत नव्हता. त्याचें बोट किंचित् कांपत होतें, आणि आम्हीं तें पाहिलें. पाहूनही, "मोठा झालास म्हणजे कळेल," असें म्हणून पुस्तक मिटलें.

शिखंडीची कथा आम्हांस येत होती. विराटाच्या घरीं बृहन्नडा होऊन राहिलेला अर्जुन येत होता. अनुशासनपर्वांतील भंगास्वन राजा, जो स्त्री झाल्यावर पुन्हां पुरुष होण्याची संधि चालून आली असतां नको म्हणाला, तोही येत होता. त्यांतली एखादी सांगितली असती तरी निदान पोरगा एकटा पडला नसता. तो शब्द त्याच्या बाबतींत नेमका नव्हता, हें आज आम्हांस कळतें. पुरुषास पुरुषच आवडावा ही गोष्ट निराळी आणि तृतीया प्रकृति निराळी. पण चौदा वर्षांच्या मुलास जवळपासचा शब्द तोच सांपडला होता, आणि तोही मास्तरांनीं गाळलेल्या ओळींत. त्यानंतर तो शिकवणीस आला नाहीं.

दहावीनंतर तो पुण्यास गेला. पुढें घरच्यांनीं लग्न ठरविलें तेव्हां त्यानें नकार दिला आणि कारणही सांगितलें. त्या दिवसापासून त्यास गांवचें दार बंद झालें. हें आम्हांस फार उशिरां, तिऱ्हाइताकडून समजलें. २०१९ सालीं गुरुपौर्णिमेस तो किन्हवलीवरून नव्हे, पुण्याहून थेट आमच्या शहापूरच्या घरीं आला. मुरबाडचा रस्ता त्यानें टाळला असावा. बरोबर त्याच्याच वयाचे एक गृहस्थ होते. "आम्ही एकत्र राहतों," एवढेंच तो म्हणाला. १८६० सालच्या दंडसंहितेंतील कलम ३७७ च्या कचाट्यांतून सज्ञान माणसांचे असे संबंध सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सोडविले होते, हें आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. वाचलें होतें तरी काय बोलावें तें सुचेना. काकू आंतून आल्या, दोघांकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "पानें घेतलीं आहेत, हातपाय धुवा." जातांना त्यानें 'कोबाल्ट ब्लू' आमच्या हातीं दिली, वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, ती ओळ मीं पाठ केली आहे."

पुस्तक आम्हीं मागल्या रांगेंत ठेवून दिलें. उघडलेंही नाहीं.

सहा वर्षांनीं तें वाचलें तें वाळवीच्या कृपेनें. कादंबरी २००६ सालची, पुण्याच्या एका जोशी कुटुंबांतली. घरांत भाड्यानें राहावयास आलेल्या तरुणावर घरची मुलगी अनुजा आणि तिचा भाऊ तनय अशा दोघांचाही जीव जडतो. तो तरुण एके दिवशीं मुलीस घेऊन निघून जातो आणि पुढें तिलाही टाकतो. मुलगी गेली म्हणून सारें घर हवालदिल होतें. ती परत आल्यावर तिला जपतात, समजावतात, डॉक्टरकडे नेतात. भाऊ तेथेंच बसलेला आहे. त्याचेंही तितकेंच गेलें आहे, पण आपलें कांहीं गेलें असें म्हणण्याची सोयच त्यास नाहीं. आईबाप दुष्ट असते तर वाचतांना सोपें गेलें असतें. तीं तशीं नाहींत. आपल्यासारखींच आहेत, जेवलास कां म्हणून विचारणारीं. आणि तेंडुलकरांच्या नाटकाहून एक गोष्ट येथें निराळी आहे: या मुलाला लेखकानें मारलें नाहीं. पंचवीस वर्षांत मराठी पुस्तकांत एवढें झालें.

लक्ष्मी त्रिपाठी यांचें २०१२ सालचें आत्मकथन आम्ही भराभर वाचून काढणार होतों. त्यांतील मुंबईच्या नाचगाण्याच्या जगाशीं आमचा परिचय नाहीं आणि गोडीही नाहीं. पण त्या ठाण्याच्याच, आईबाप उत्तरेकडील ब्राह्मण. आणि हें अपत्य हिजडा झालें हें कळल्यावरही बापानें त्यास घराबाहेर काढलें नाहीं. ती पानें आम्हीं दोनदां वाचलीं. नंतर काकूंस विचारलें, कीं त्या वेळीं, गुरुपौर्णिमेस, तुम्हांस सारें कळलें होतें काय?

"मित्राची गोष्ट मीं तूं मुरबाडास होतास तेव्हांच वाचली होती," काकू म्हणाल्या. "तूं त्या पोराचें पुस्तक मागें सारलेंस, तेंही मीं पाहिलें. दुसऱ्या दिवशीं काढून वाचलें. परत ठेवतांना पुढल्या रांगेंत ठेवणार होतें, पण तुला वाईट वाटेल म्हणून राहिलें."

सुतारानें कपाट दुरुस्त केलें. भिंतीची ओल पुन्हां लागूं नये म्हणून त्यानें मागची फळी चार बोटें पुढें घेतली. त्यामुळें आतां एकच रांग मावते. जागा करण्यासाठीं काकूंनीं जुनीं पंचांगें आणि दिवाळी अंक माळ्यावर टाकण्यास सांगितलें. पणजोबांची वही कोठें ठेवावी याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं.

श्रावणांत आम्ही त्या विद्यार्थ्यास पत्र लिहावयास बसलों. 'तृतीया प्रकृति' या शब्दाचा अर्थ, त्याची परंपरा, तो शब्द कोठें लागतो आणि कोठें लागत नाहीं, शिखंडी, भंगास्वन, आणि आमचा अपराध, असें सारें चार पानें झालें. अडलें तें मायन्यापाशीं. आपल्या पत्रलेखनांत वडिलांस तीर्थरूप, धाकट्यांस चिरंजीव, परक्यांस राजमान्य राजश्री असा प्रत्येकास मायना आहे. आम्ही तो मुलांस अडतीस वर्षें घोकविला. विद्यार्थ्यास 'चि.' लिहिलें, पण त्याच्या बरोबरच्या गृहस्थास काय लिहावें? आम्हीं 'व आपले स्नेही' असें लिहून खोडलें. काकूंनीं चष्मा लावून कागद ओढून घेतला.

"अरे, 'चि. उभयतांस अनेक आशीर्वाद' असें लिही."

तसें लिहिलें. पाकीट जड झाल्यामुळें टपालकचेरींत तिकीट जास्त लावावें लागलें.